कुठे जाऊन राहिली?

जानेवारीतली दुपार. घरून काम होतं, लांबलेली मीटिंग एकदाची संपली आणि मी उठून बेसिनवरच्या आरशात काजळ घातलं, मग माझी ती मरून लिपस्टिक लावली. बस, एवढंच. पुढे कुठला कॉल नव्हता, घरी कोणी येणार नव्हतं, अंगात धुऊन धुऊन मऊ झालेला कुर्ता, केस क्लचरमध्ये. आत्या हॉलमध्ये दिवाणावर मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, ती वर्ध्याहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली आणि तारीख पुढे गेल्यामुळे आमच्याकडेच राहिलेली. दिसायचं कमी, पण बोटं इतकी तयार की किडका दाणा नुसत्या स्पर्शाने ओळखून बाजूला टाकायची. मी समोरून गेले तशी म्हणाली, "कुठे जाऊन राहिली व?" मी म्हणलं, "कुठेच नाही." तिचे हात थांबले नाहीत, फक्त मान वर झाली आणि ती म्हणाली, "मग?"

त्यात टोमणा नव्हता हे आधीच सांगते. आत्या टोमणे मारणारी बाईच नाही, मी नोकरीला लागले तेव्हा सगळ्यात आधी पेढे वाटले ते तिने, वर्ध्याला, आमच्याही आधी. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाई तयार झाली म्हणजे ती कुठेतरी जाणार, आणि कुठे जाणार नसेल तर मग तयार का झाली, हे गणित तिला सुटेना आणि तिने विचारलं. मी "असंच" म्हणून लॅपटॉपपाशी येऊन बसले, पण तिच्या त्या "मग"ने माझी सगळी संध्याकाळ खाल्ली. कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं, निदान असं नव्हतं की जे तिच्यासमोर ठेवता येईल.

हा प्रश्न आयुष्यात किती जणांनी विचारला असेल. पायात पैंजण घातले की आई, टिकली बदलली की खालच्या काकू, केस धुऊन मोकळे सोडले की मामा. कोणी रागावून नाही, सगळे सहज विचारतात, पाणी आलं का विचारावं तसं. आणि मीही सहज उत्तरं देत आले, ट्यूशनला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला, टेकडी गणपतीला, बर्डीच्या बाजाराला. दर वेळी एक जागा सांगायची, मग समोरचा समाधानाने मान हलवतो आणि विषय संपतो.

माझ्या वस्तूंमध्ये सगळ्यात जुनं म्हणजे काजळ. आजी घरी पाडायची, मला ते अंधुक आठवतं, एरंडेलाच्या दिव्यावर दोन वाट्यांच्या आधाराने पालथं ठेवलेलं पितळी ताट, रात्रभर जळलेली वात, आणि सकाळी ताटाच्या पोटाला धरलेली मखमली काजळी. ती चमच्याने खरवडून थेंबभर साजूक तुपात खलायची. डबीला एक वेगळाच वास होता, तुपाचा आणि जळक्या सुताचा. आजी डोळ्यात काजळ घालायची ती अंगठ्याजवळच्या बोटाने, तोंडाने काहीतरी पुटपुटत, आणि उरलेलं कानामागे. तेव्हा कोणी विचारायचं नाही कुठे चालली म्हणून, कारण काजळ डोळ्यांना थंड असतं आणि लेकराला दृष्ट लागू नये म्हणून असतं. मी स्वतःच्या पैशाने, म्हणजे राखीच्या ओवाळणीच्या पैशाने, बर्डीच्या मेन रोडवरून पहिल्यांदा पेन्सिलीसारखं फिरवून वर येणारं काजळ आणलं तेव्हा मी अकरावीत होते. वस्तू तीच, डोळे तेच, पण घरात पहिला प्रश्न आला तो त्या दिवशी.

आणि नागपूरच्या मुलीला काजळाचं काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मार्च उजाडला की आपलं तोंड बांधलं जातं. सुती स्कार्फ कपाळावरून आणून, कानामागून फिरवून, मानेशी घट्ट खोचलेला, हातात कोपरापर्यंतचे पांढरे मोजे, वरून गॉगल, आणि गाडी सिग्नलला थांबली की झाडाची सावली जिथे रस्त्यावर पडते तिथे, स्टॉपलाइनच्या पंधरा हात मागे, सगळ्यांची गर्दी. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ पर्यंत पारा गेला होता. २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली, नंतर सेन्सरची चूक निघाली, पण तो आकडा ऐकून आमच्या गल्लीत कोणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं. अशा उन्हात जूनपर्यंत आमच्या चेहऱ्यातले फक्त डोळे बाहेर असतात. मैत्रिणी गाडीवरून डोळ्यांवरून ओळखायच्या. त्यामुळे लिपस्टिकचं, गालाच्या रंगाचं वगैरे कौतुक आमच्यापर्यंत उशिरा पोचलं, आमचं सगळं नटणं तेवढ्या दोन बोटांच्या पट्टीत. कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्कार्फ सोडताना कपाळावर उमटलेली कापडाची वीण, घामाने खाली उतरलेलं काजळ करंगळीने निस्तरणं, आणि त्या गाडीच्या आरशात दिसणारा लालबुंद चेहरा, मला तो माझा चेहरा फार आवडायचा. अजून आवडतो.

आमच्या घरात नटायला बंदी कधीच नव्हती, ते सुद्धा सांगायला हवं. पण काय चालायचं आणि काय नाही याचा एक नियम होता जो कोणी कधी बोललं नाही आणि मला खूप उशिरा दिसला. औषध असेल ते चालायचं. खोबरेल तेल चालायचं कारण डोकं थंड राहतं. बोरोलीन चालायचं कारण ओठ फुटतात आणि ते अँटिसेप्टिक आहे, ते तर १९२९ पासूनचं, म्हणजे आजीपेक्षा मोठं. मेंदी चालायची कारण तळपायाची आग जाते. आणि विको टर्मरिक चालायचं, नव्हे ते तर बाबांच्या दाढीच्या सामानातच असायचं, त्याचा तो चंदन-हळदीचा वास म्हणजे मला सकाळची साडेसात वाटते, बाबांच्या डब्याची घाई, कुकरची शिट्टी. विकोचा एक कारखाना आपल्या नागपुरातच आहे हे बाबा दर वेळी अभिमानाने सांगायचे. खूप वर्षांनी मी वाचलं की हे क्रीम औषध आहे की सौंदर्यप्रसाधन यावरून कंपनीचं आणि अबकारी खात्याचं भांडण कितीतरी वर्षं कोर्टात चाललं, कारण प्रसाधनावर कर जास्त, आणि शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन औषधाच्या बाजूने निकाल लागला. वाचून मी जागच्या जागी थांबले. आमच्या बाथरूमच्या फळीवर तोच खटला रोज चालायचा! औषध असेल तर ठेव, नटायचं असेल तर कर भर. विको कंपनी १९५२ ची आणि लॅक्मेही १९५२ चीच, टाटांनी सुरू केलेली, नाव एका फ्रेंच ऑपेरावरून आणि त्या ऑपेराच्या नायिकेचं नाव आपल्या लक्ष्मीवरून. वय एक, पण आमच्या घरात एक आली माझ्या जन्माच्या आधी आणि दुसरी यायला मला बारावीचा सेंडऑफ यावा लागला.

सेंडऑफचं फार सांगण्यासारखं नाही. आईची मोरपंखी साडी, शेजारच्या ताईने लावून दिलेली लिपस्टिक, शंभर पिना. सगळ्यांच्या कपाटात असतो तसा एक फोटो.

त्याआधीची थ्रेडिंगची गोष्ट जास्त जवळची आहे. कॉलनीतलं पार्लर म्हणजे एका काकूंच्या घराची पुढची खोली, पडद्यामागे त्यांच्या कुकरचा आवाज, भिंतीवर देखण्या बायकांची उन्हाने निळी पडलेली पोस्टरं. दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात आई स्वतः घेऊन गेली. काकूंनी दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, पावडर थापटली आणि म्हणाल्या, "वरची पापणी ताणून धर बाळा." पहिल्या झटक्याला डोळ्यातून जे पाणी आलं ते थांबेना, वरून शिंका. आरशात पाहिलं तर भुवईखाली लाल पट्टा आणि त्या पट्ट्यात एक अनोळखी मोठी मुलगी. येताना आईने उसाचा रस पाजला. रस पिताना ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती तिच्यात आनंद होता आणि थोडी धास्ती पण होती, मला दोन्ही दिसलं, पण त्याचं काय करायचं ते तेव्हा कळलं नाही. वाढदिवसाला मुलगी मोठी होते हे मला पटत नाही. मी मोठी झाले ती त्या रसवंतीवर.

मग ती संत्र्याची सालं. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री आमच्याकडे टोपलीने यायची आणि एकही साल फेकली जायची नाही, गच्चीवर जुन्या साडीवर पसरलेली, तीन-चार उन्हात कडक होऊन वाटीसारखी वळलेली. मिक्सरमधून काढताना घरभर जो वास सुटायचा तो आंबट-कडू, नाकात चढणारा, मला जगातल्या कुठल्याही परफ्यूमहून प्रिय आहे. त्यात मसूरडाळीचं पीठ, चिमूट हळद, सायीचं दूध. रविवारी सकाळी गच्चीवर आई, मी आणि धाकटी बहीण तिघी पिवळी तोंडं घेऊन बसायचो, बोलायचं नाही कारण सुकताना भेगा पडतात, आणि बोलायचं नाही म्हणल्यावर हसू जास्त यायचं. ही माझी सगळ्यात आवडती सौंदर्याची आठवण आहे आणि हिच्यातच सगळ्यात जास्त दुखतं. कारण त्या लेपामागे एक वाक्य होतं, रंग उजळेल. मी सावळी, बहीण गोरी, लेप दोघींना सारखा पण माझ्या गालावर आईचा हात जरा जास्त वेळ फिरायचा. पुढे स्थळं पाहायला लागले तेव्हा एका घरून निरोप आला की फोटो जरा उजळ असलेला पाठवा. आईने तो निरोप मला सांगितला नाही, ती फोनवर तिच्या बहिणीशी बोलताना माझ्या कानावर पडला. त्या रात्री मला आईचा राग आला नाही. मला गच्चीवरचा तिचा हात आठवला आणि वाटलं, ही बाई इतकी वर्षं एकटीच या निरोपाची वाट पाहत होती.

आता मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या त्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी आहे, आता स्वतःचे पैसे. पहिल्या पगारात आईला साडी, बाबांना चप्पल, आणि स्वतःला सनस्क्रीन. हसू नका, नागपुरात सनस्क्रीन ही चैन नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं होतं की एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० अडवतं ९८, म्हणजे फरक मामुली, खरी गोम प्रमाणात आणि पुन्हा लावण्यात. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून घ्यायचं, उन्हात असलो तर दर दोन तासांनी परत. सुरुवातीची ट्यूब लावली की मी राखाडी दिसायची, सावळ्या कातडीवर पांढरट थर बसायचा. मग शोधत शोधत जेलवालं सापडलं जे लावल्यावर मी माझ्याच रंगाची राहते. आणि इथे माझं मन अजून दुभंगलेलं आहे. मी ते कशासाठी लावते? कातडी जळू नये म्हणून, वांग येऊ नये म्हणून, हो. पण सुट्टीनंतर हात आणि दंड यांच्यातली रंगाची रेघ पाहिली की पोटात जे हलतं ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, ते गच्चीवरचं आहे. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये आहे आणि मला ते वेगळं काढता येत नाही.

सकाळी सुभाषनगरहून मेट्रोत बसते, सीताबर्डीला बदलून खापरीकडे जाते. त्या डब्यात रोज मुली स्कार्फ सोडतात. घरून बांधून निघालेल्या, एसीच्या गार झोतात गाठ उकलतात, केस झटकतात, मोबाईलचा कॅमेरा आरशासारखा धरून काजळ ओढतात, एखादी लिपस्टिक लावून दोन ओठ एकमेकांवर दाबते. गाडी हलत असते तरी रेघ सरळ येते, हे कसब कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. एकमेकींकडे कोणी पाहत नाही. शेजारचीचा हात हलला तर ती नुसतं कोपर आवरून घेते, जागा करून देते. मला तो डबा फार आपला वाटतो. तिथे कोणी विचारत नाही, कारण सगळ्या कुठेतरी जातच असतात.

आणि लॉकडाऊनमध्ये तेही गेलं. २०२० च्या त्या उन्हाळ्यात जायला जागाच उरली नाही. बाहेर पडलं तर मास्क, घरात कॅमेरा बंद. पाऊचची चेन कितीतरी आठवडे उघडली नव्हती. एका रात्री, सगळे झोपले होते, कूलरचा तो घर्रर आवाज आणि ओल्या ताटीचा वास, मला झोप येईना म्हणून पाऊच काढला आणि ती मरून लिपस्टिक लावली. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात पाहत राहिले. कोणाला दाखवायचं नव्हतं, फोटो काढला नाही, थोड्या वेळाने खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसून झोपले. पण त्या थोड्या वेळात मला बरं वाटलं. बाहेर ज्या बातम्या येत होत्या त्यात आपल्याला एक ठळक, स्वच्छ कडेचं तोंड आहे हे पाहून बरं वाटलं. माझ्या आयुष्यातले टप्पे मोजायचे तर मी असे मोजेन. कधी काजळाला दृष्टीचं निमित्त उरलं नाही, कधी थ्रेडिंगला परीक्षा संपल्याचं, कधी क्रीमला औषधाचं, आणि त्या रात्री निमित्तच उरलं नाही. नोकरी, पगार, लग्नाचं ठरणं-मोडणं हे सगळं त्याच्या आजूबाजूला झालं.

पण हे आत्याला कसं सांगायचं?

आत्याचे यजमान गेले तेव्हा ती चाळिशीत होती. मी लहान होते, मला एवढंच आठवतं की त्यानंतर ती आली तेव्हा तिचं कपाळ मोठं दिसत होतं. आधी तिथे चंद्रकोर असायची, डबीतलं कुंकू, खाली मेण लावून, काडीने काढलेली, तिच्याइतकी रेखीव चंद्रकोर आमच्या नात्यात कोणाची नव्हती. काचेच्या बांगड्या गेल्या, जोडवी गेली. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून या सगळ्या प्रथा बंद केल्या, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. मी तेव्हा ती बातमी आत्याला फोनवर वाचून दाखवली होती. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "चांगलं केलं बाई त्याइनं. आता पोरीबाळींचं तरी वाचंल." स्वतःबद्दल काही बोलली नाही. तिच्याकडे राहिलं होतं ते रात्रीचं तेल. रोज झोपायच्या आधी केस सोडून, वाटीत कोमट केलेलं तेल मुळांना लावून, बारीक दातांच्या फणीने शंभरदा विंचरून ती सैल वेणी घालते. ते कोणी थांबवलं नाही, कारण तेल डोक्याला थंड असतं. आणि कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये वाळ्याच्या जुड्या. तिच्या साड्यांना पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, लग्नात तिच्याजवळ उभं राहायला म्हणून मी मुद्दाम जागा बदलते.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा गॉगल दिला, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. डॉक्टर म्हणाले होते की मोतीबिंदूचं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळं त्या रंगातून दिसतं आणि निळा सगळ्यात जास्त मरतो, हळूहळू होतं म्हणून माणसाला कळतच नाही. घरी आल्यावर आत्या बाथरूममधून ओरडली, आम्ही धावलो तर ती बादलीकडे बोट दाखवून उभी. "ही निळी होय व?" किती वर्षं ती हिरवट समजत होती. मग दिवसभर तेच, देवघरातला कृष्ण, गॅसची ज्योत, दाराबाहेरची गोकर्णाची फुलं, एकेका वस्तूपाशी जाऊन थांबायची. मग आरसा. तिथे ती बराच वेळ होती आणि काही म्हणाली नाही, आम्हीही कोणी तिकडे गेलो नाही. संध्याकाळी मी काम संपवून लिपस्टिक लावली तेव्हा ती माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "मले वाटे का तू कथ्थ्या रंगाची लावते. हा तर जांभळासारखा लाल आहे." मग थोडं थांबून, "साजते तुले." यावेळी तिने कुठे जातेस विचारलं नाही. मला वाटतं रंग दिसला आणि प्रश्न मागे पडला, पण हे माझं वाटणं झालं, तिला मी विचारलं नाही.

डोळ्याचं सगळं सुरळीत झाल्यावर, ती परत जायच्या आधी, मी तिला त्याच पुढच्या खोलीतल्या पार्लरमध्ये नेलं. आता काकूंची सून चालवते, पोस्टरं बदलली, कुकरचा आवाज तोच. आत्याच्या टाचांच्या भेगा इतक्या खोल की चादरीचे धागे अडकायचे, ती मेण आणि खोबरेल तेल वितळवून त्यात भरायची आणि वर्षानुवर्षं तेवढ्यावर भागवत होती. टबात गरम पाणी, त्यात शाम्पू आणि मीठ, आत्याने साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय सोडले आणि डोळे मिटले. वज्रीने घासताना सुनेने विचारलं, "काय काकू, घरी काही कार्यक्रम आहे का?" आत्या डोळे मिटूनच म्हणाली, "टाचा फुटल्या ना बाई." मला तेव्हा कसंतरी झालं. तिने पुन्हा औषधाचंच नाव पुढे केलं होतं, आणि तिला ते करावं लागलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर मात्र जे सुख होतं ते टाचांपुरतं नव्हतं. शेवटी नेलपॉलिशचा ट्रे समोर आला. हाताला ती नाही म्हणाली, लगेच. मग ट्रेकडे पाहत राहिली, बाटल्या एकेक उचलून डोळ्याजवळ नेऊन पाहिल्या, नवीन डोळ्यांनी, आणि एक मातकट गुलाबी काढून सुनेच्या हातात दिली. "पायाले लाव. पायाकडे कोण पाहते."

मला आनंद झाला की वाईट वाटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. रिक्षात बसल्यावर तिने चपलेतून पाय काढून दोन्ही अंगठे जवळ आणून पाहिले, आणि मग पदराने झाकले, आणि सिग्नलपाशी परत उघडून पाहिले.

येत्या जूनमध्ये मी तिशीची होईन. भांगाजवळ एक पांढरा केस आलाय, आई म्हणते लोखंडी कढईत मेंदी भिजव, चहाचं पाणी आणि कात घाल, रंग चांगला चढतो. बहीण म्हणते उपटू नको. मी अजून काही ठरवलेलं नाही, सध्या तो केस आरशात रोज भेटतो. मेट्रोत मागच्या आठवड्यात एका मुलीने काजळ ओढता ओढता मला विचारलं, "ताई, ही तुमची शेड कोणती?" आणि मी नाव सांगितलं, नंबरसकट.

परवा आत्याचा फोन आला. वर्ध्यात पारा पंचेचाळिशीला टेकलाय आणि टाचा पुन्हा फुटायला लागल्यात. मी सांगितलं, रात्री पाय धुऊन व्हॅसलीन चोळायचं आणि मोजे घालून झोपायचं. "मे महिन्यात मोजे? काहीच्या काही सांगून राहिली तू." मग बोलता बोलता आमचं असं ठरलं की तिला पहाटे चारला जाग येतेच, तोवर कूलरने खोली गार झालेली असते, तेव्हा घालायचे आणि सहाला काढून टाकायचे. मोजे मी बर्डीहून घेऊन पाठवणार आहे. पांढरे नको म्हणाली, मळतात. मी म्हणलं काळे पाठवू का, तर तेही नको.

"निळे पाह्य," ती म्हणाली, "गडद निळे. सुती मिळाले तर."